प्रवासातला आबदारखाना

उन्हाळ्याच्या सुटीत आठ-दहा मंडळींनी मिळून, तंबू आणि शेगडी बरोबर घेऊन, आठ-दहा दिवसांच्या सफरीला निघावे, हा बेत आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. नागपूरहून निघायचे, लोणारचे सरोवर पाहायचे, वेरूळची लेणी करायची, भंडारदऱ्याला पाण्याच्या काठी दोन रात्री काढायच्या आणि शेवटी घाट उतरून गुहागरच्या समुद्रावर जायचे. बेत ठरला की नकाशे येतात, तंबूचे खुंट मोजले जातात, याद्या होतात. आणि मग घरातले कोणी वडीलधारे विचारते, "ते सगळं ठीक आहे रे, पण दुधाचं काय? मे महिना आहे. दुपारपर्यंत तरी टिकेल का ते?"

प्रश्न साधा दिसतो, पण अर्धी सफर त्यावर अवलंबून असते. गार पाणी मिळाले नाही तर माणूस कुरकुरतो, एवढेच. पण बिघडलेले अन्न पोटात गेले, दहांपैकी सहाजण तंबूत आडवे झाले आणि दवाखाना तीस किलोमीटरवर असला, तर सफर तिथेच संपते. बरोबर लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर गोष्ट जिवावरही बेतू शकते. म्हणून अन्न आणि पाणी गार कसे राखावे, याचा विचार घर सोडण्यापूर्वीच करायला हवा.

हा विचार काही आजचा नाही. अकबर बादशहाची छावणी म्हणजे एक चालते शहरच होते. त्या छावणीत पिण्याच्या पाण्याचे एक वेगळे खाते असे. त्याचे नाव आबदारखाना. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त त्याचे वर्णन केले आहे. सोरा पाण्यात विरघळू लागला की ते पाणी गार होते. अशा पाण्यात पिण्याच्या पाण्याचे भांडे ठेवून ते फिरवीत असत. पुढे बादशहाचा मुक्काम लाहोरास असताना उत्तरेकडच्या डोंगरातून बर्फही येऊ लागला. आपल्याकडे शिवकालातल्या अठरा कारखान्यांच्या यादीतही आबदारखान्याचे नाव आहे. आपल्याजवळ बादशहाचा लवाजमा नाही, पण सफरीपुरता लहानसा आबदारखाना आपल्यालाही उभा करता येतो.

त्यासाठी आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. थंडी नावाची काही वस्तू पेटीत भरून नेता येत नाही. निसर्गात वाहते ती उष्णता, आणि ती नेहमी गरम जागेकडून गार जागेकडे जाते. म्हणजे आपले काम दोनच गोष्टींचे. उष्णता आत शिरू द्यायची नाही, आणि जी शिरेल ती शोषून घेणारे काहीतरी जवळ ठेवायचे. शोषून घेणाऱ्या दोन वस्तू सफरीत सहज मिळतात. एक वाळणारे पाणी आणि दुसरा वितळणारा बर्फ.

यांतले वाळणारे पाणी फुकटचे. त्याच्या बळावर आपला माठ, सुरई आणि छागळ चालतात. छाग म्हणजे बोकड. पूर्वी बोकडाच्या कातड्याची पिशवी करीत, तिच्यावरून हे नाव पडले. पुढे जाड कॅनव्हासच्या छागळी आल्या आणि त्या जीपच्या पुढे किंवा आगगाडीच्या खिडकीबाहेर लोंबताना दिसू लागल्या. छागळीच्या विणीतून पाणी थोडे थोडे पाझरते, बाहेरच्या वाऱ्याने वाळते, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. ही उष्णता किती? एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. एक किलो बर्फ वितळताना घेतो ८०. म्हणजे वाळून गेलेले एक लिटर पाणी सात किलो बर्फाचे काम करते, तेही एक पैसा न घेता.

मग बर्फ हवाच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर हवेत आहे. हवा जितकी कोरडी तितके पाणी लवकर वाळते. नागपूरला मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर असतो, पण हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते. अशा हवेत ओल्या कापडाचे तापमान २३ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणजे वीस अंशांचा फरक! आता हीच छागळ घेऊन गुहागरला या. तिथे पारा ३३ वरच आहे, पण आर्द्रता ७० टक्के. ओले कापड २८ अंशांच्या खाली उतरायला तयार नाही. वैदर्भीय माणूस कोकणात येऊन म्हणतो, "इथं माठातलं पाणी गार का होत नाही?" त्यात माठाचा काही दोष नाही, तिथल्या हवेत आणखी पाणी घ्यायला जागाच नसते. तेव्हा आपल्या सफरीत लोणार-वेरूळपर्यंत छागळीवर भिस्त ठेवावी आणि घाट उतरताना तिच्याकडून फार अपेक्षा करू नये.

छागळ नवी असेल तर आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालावी आणि पहिले पाणी टाकून द्यावे. ती सावलीत आणि वाऱ्यावर टांगावी. तंबूच्या आत कोंडून ठेवली तर ती पाझरेल, पण गार करणार नाही. छागळ मिळाली नाही तर पाण्याचे भांडे ओल्या गोणपाटात गुंडाळून, ताटात बोटभर पाणी घालून त्यात ठेवावे. गोणपाटाचे टोक त्या पाण्यात बुडालेले असले की ते आपोआप ओले राहते.

एकाच जागी आठ-दहा दिवस तळ असेल, शाळेच्या मुलांचे शिबिर असेल, तर भाजीसाठीही हीच युक्ती चालते. मातीच्या मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवायची, दोहोंच्या मधल्या जागेत वाळू भरायची, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची आणि वर ओले फडके टाकायचे. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बा अब्बा यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशातल्या खेड्यांत अशा दुहेरी भांड्यांचा प्रसार केला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर विटांच्या दुहेरी भिंती आणि मध्ये ओली वाळू असा शीतकक्ष तयार केला. त्याला वीज लागत नाही. कोथिंबीर, टोमॅटो, लिंबे, काकड्या यांना एवढा गारवा पुरतो. दूध आणि मटण यांना मात्र तो पुरत नाही. त्यांच्यासाठी बर्फच लागतो.

बर्फाची राखण कशी करावी, याचा एक जुना धडा आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग. जहाजात १८० टन बर्फ होता. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, आणि यंत्राचा थंडावा तर तेव्हा नव्हताच. तरीही सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्याला धडपणे पोहोचला! पुढे असा बर्फ मुंबईला आणि मद्रासलाही येऊ लागला. तो साठवण्याची मद्रासची इमारत चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्याजवळ आजही उभी आहे.

हे साधले कसे? बर्फाच्या मोठ्या लाद्या एकमेकींना घट्ट चिकटवून रचल्या होत्या आणि उष्णता आत येऊ नये म्हणून भोवती लाकडाच्या भुशासारखी भर घातली होती. मोठी लादी टिकते याचे कारण साधे आहे. बर्फ वितळतो तो पृष्ठभागावरून. एका चौकोनी लादीचे आठ सारखे तुकडे केले तर बर्फ तेवढाच राहतो, पण उष्णतेला शिरायला पृष्ठभाग दुप्पट मिळतो. म्हणून साठवणीसाठी सबंध लादी घ्यावी. चुरा केलेला बर्फ पटकन गार करतो आणि पटकन संपतो. कोळी लोक मासळीवर चुराच घालतात, कारण त्यांना प्रत्येक मासा ताबडतोब गार करायचा असतो.

आता आपल्या पेटीचा हिशेब पाहू. तीस लिटरची, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची थर्माकोलची पेटी घ्या. बाहेर ३५ अंश उष्मा असेल तर या पेटीत दिवसाला सहा-सात किलो बर्फ नुसता भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेने वितळतो. जाडी दुप्पट केली तर निम्मा. म्हणजे पेटी महाग आहे की स्वस्त, यापेक्षा तिच्या भिंतीची आणि झाकणाची जाडी पाहावी. पातळ पेटी असेल तर ती मोठ्या खोक्यात ठेवून मधे भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा ठासून भरावा. भुसा कोरडाच हवा, बरं का. भिजला की तो उष्णता अडवीत नाही.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. दहा लिटर कोमट पाण्याच्या बाटल्या पेटीत टाकल्या आणि त्या ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायच्या म्हटल्या, तर त्याला ३०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पावणेचार किलो बर्फ पाण्यासारखा गेला! म्हणून पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू घरच्या फ्रिजमध्ये आधी गार करून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या काही बाटल्या, वर चार बोटे जागा सोडून, घरीच गोठवून घ्याव्यात. त्या वितळेपर्यंत बर्फाचे काम करतात आणि वितळल्या की प्यायला मिळतात.

पेट्या दोन असाव्यात. एक सरबताची आणि पाण्याची. ही दिवसभर उघडली जाणार, कारण तहान वेळ पाहून लागत नाही. दुसरी अन्नाची. ती दिवसातून दोनदाच उघडायची, सकाळी आणि संध्याकाळी, आणि काय काढायचे ते ठरवूनच झाकणाला हात लावायचा. अन्नाच्या पेटीत बर्फ तळाला आणि वरही ठेवावा, कारण गार हवा जड असल्यामुळे खाली उतरते. रिकाम्या जागेत कागद किंवा फडकी कोंबावीत. बर्फाचे पाणी अन्नाला लागू देऊ नये. अन्न घट्ट झाकणाच्या डब्यातच असावे. पेटी सावलीत, जमिनीपासून वर, ओल्या घोंगडीखाली ठेवावी. बंद मोटारीत ठेवू नये, कारण उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत पारा ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. आइस्क्रीमच्या पॉटात घालतात म्हणून पेटीतल्या बर्फात मीठ घालण्याचा मोहही टाळावा. मिठाने गारवा वाढतो खरा, पण बर्फ झपाट्याने वितळतो.

आणखी एक सावधगिरी. कारखान्यातली लादी ही बहुधा वस्तू गार करण्यासाठी असते, सरबतात घालण्यासाठी नव्हे. ती कोणत्या पाण्याची आहे आणि कोणत्या फरशीवरून ओढत आणली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. याच कारणाने महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम केला. बर्फ निळा असो वा पांढरा, लादीचा तुकडा पेल्यात टाकू नये. बाटली बर्फात ठेवावी, बर्फ बाटलीत घालू नये.

एवढे सगळे करूनही दहा दिवसांचा बर्फ एकदम नेता येणार नाही, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात आलेच असेल. दर एक-दोन दिवसांनी नवी लादी घ्यावी लागते. आपल्या वाटेवर छत्रपती संभाजीनगर, संगमनेर, चिपळूण अशी मोठी गावे लागतात. तिथून जाताना आधी बर्फाची चौकशी करावी आणि मगच चहाला थांबावे. पुढे समुद्रकाठी मासळीची बंदरे असतात, आणि जिथे मासळी उतरते तिथे बर्फ असतोच.

बर्फ असा मोजका, म्हणून तो खर्च कोणावर करायचा हे आधी ठरवावे. पुष्कळ लोकांची पेटी शीतपेयांच्या बाटल्यांनी भरलेली असते आणि दुधाची पिशवी वर कुठेतरी कडेला कोंबलेली असते. हे अगदी उलटे झाले. सरबत कोमट झाले तर फक्त चव जाते. दूध, मटण, अंडी आणि शिजवलेले अन्न कोमट राहिले तर त्यांत जंतू वाढतात. ५ ते ६० अंश हा टापू त्यांच्या वाढीचा. अनुकूल उष्म्यात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एकाचे पाच तासांत बत्तीस हजारांवर जातात! म्हणून शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त, आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त ठेवू नये.

"वास तर येत नाही ना? मग गरम करून घेऊ," असे आपण सहज म्हणतो. इथेच घात होतो. हाताच्या बोटांवरून किंवा नाकातून काही जंतू बासुंदीत, खव्याच्या मिठाईत उतरतात आणि तिथे विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि उकळूनही ते जात नाही. सकाळचा भात दुपारभर उन्हात राहिला तर त्यातही असेच विष होऊ शकते. कोकणातल्या ताज्या बांगड्याची गोष्टही तीच. तो काही तास गरम हवेत पडला की त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. मग कितीही तळा, तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. तेव्हा बांगडा बर्फातलाच घ्यावा आणि आणल्याबरोबर करावा. नाकाने आणि जिभेने अन्नाची परीक्षा करण्यापेक्षा घड्याळाने करावी.

याची दुसरी बाजू अशी की ज्याला गारव्याची गरजच नाही असे पुष्कळ अन्न आपल्या घरात आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, सातूचे पीठ, गूळपापडी, लोणचे, भाजके पोहे. पूर्वीचे लोक आठवड्याचा प्रवास बैलगाडीने करीत तो याच शिदोरीवर. कोकमाचा किंवा कैरीचा घट्ट पाक नेला की पाणी छागळीतले आणि पाक बाटलीतला, सरबत तयार. दुधासाठी भुकटी किंवा न उघडलेला टेट्रापॅक न्यावा. तो बाहेर टिकतो. उघडल्यावर मात्र तोही साध्या दुधासारखाच समजावा. ताजे दूध मिळाले तर चांगले उकळून, कोमट झाल्यावर रात्री विरजण लावावे. दह्याच्या आंबटपणात बहुतेक जंतूंचे फावत नाही. सकाळी ताक, उरले तर कढी. आणि गरम राखणे हाही एक उपाय आहेच. शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ साली दुहेरी भिंतींची निर्वात बाटली केली, तोच आपला थर्मास. त्यात उकळते दूध भरले आणि ते ६० अंशांच्या वर असतानाच पिऊन संपवले तर भीती नाही.

आता औषधांविषयी. आपल्यात मधुमेहाचे कोणी असतील आणि इन्सुलिन घेत असतील, तर सबंध आबदारखान्यात त्या कुपीचा मान पहिला. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राखायचे असते. वापरात असलेले साधारणपणे ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत वेष्टनावर छापलेली असते, ती पाहावी. ते उन्हात तापले तर त्याचा गुण कमी होतो, आणि बर्फाला टेकून गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते. म्हणून कुपी डब्यात घालून, डबा टॉवेलात गुंडाळून, बर्फापासून दूर ठेवावा. बर्फ संपला तर कोरड्या मुलखात तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून, वाऱ्याच्या सावलीच्या जागी ठेवला तरी पुष्कळ बचाव होतो. किनाऱ्यावर मात्र हा उपाय अपुरा, तिथे बर्फ हवाच. आणि हे सारे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटी एक सूचना. सफरीत खजिनदार एक असतो, वाटाड्या एक असतो, तसा एक आबदारही नेमावा. छागळ भरणे, सकाळी बर्फ किती उरला ते पाहणे, वाटेत लादी मिळवणे आणि पेटीच्या झाकणाची राखण करणे, ही त्याची कामे. शिळे अन्न टाकायचे की खायचे, याचा निकाल त्याने घड्याळ पाहून द्यावा आणि तो इतरांनी मानावा, मग उरलेली बासुंदी कितीही चांगली दिसत असो. परत आल्यावर पेट्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, झाकण उघडे ठेवून माळ्यावर टाकाव्यात, म्हणजे पुढच्या सुटीला त्या बिनवासाच्या मिळतील.